डोईवरचं ओझं आणि हातातलं वजन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज बोलायचं आहे ते बायकांनी वजन उचलण्याबद्दल. विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. ‘आम्ही जन्मभर दुसरं करतो काय?’ असं त्या म्हणतील. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण आधी थोडा इतिहास पाहू.

१९ सप्टेंबर २००० या दिवशी सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये करनम मल्लेश्वरी या आंध्रच्या मुलीनं ६९ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ११० किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो, एकूण २४० किलो. स्नॅच म्हणजे जमिनीवरची कांब एका दमात थेट डोक्यावर न्यायची. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर घ्यायची, मग तिथून डोक्यावर. प्रत्येकी तीन संधी मिळतात. सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या दोघींचं वजन भरलं २४२.५ किलो. म्हणजे फरक अवघ्या अडीच किलोंचा, आपल्या घरातल्या तांदळाच्या लहान पिशवीएवढा! ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पी. टी. उषाचं पदक १९८४ मध्ये लॉस एंजल्सला सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं होतं. ती हुरहुर सोळा वर्षांनी संपली. तीही धावण्यात किंवा टेनिसमध्ये नाही, तर ज्या खेळाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मिशीवाला पहिलवान उभा राहतो, त्या खेळात.

आता एक हिशेब पाहा. आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं १८९६ मध्ये अथेन्सला. त्या पहिल्याच स्पर्धेत पुरुषांचं वेटलिफ्टिंग होतं. बायकांना हा खेळ खुला झाला तो २००० मध्ये. मधे गेली १०४ वर्षं. एवढा वेळ का लागला? बायकांच्या अंगात ताकद नव्हती म्हणून? तसं मुळीच नाही.

इटलीजवळ सिसिली बेटावर पियात्सा आर्मेरिना नावाचं गाव आहे. तिथे रोमन काळातला एक वाडा सापडला आहे. त्याच्या फरशीवर रंगीत खड्यांची चित्रं आहेत, साधारण इसवी सनाच्या चौथ्या शतकातली. एका दालनात तरुण मुली खेळताना दाखवल्या आहेत. कुणी धावते आहे, कुणी थाळी फेकते आहे, कुणी चेंडू खेळते आहे. आणि एकीच्या दोन्ही हातांत वजनं आहेत, आजच्या डंबेल्ससारखी. सतराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यानं ते इतर खेळांच्या पंगतीतच बसवलं.

आपल्याकडे वजन उचलण्याची परंपरा तालमीतली. मुद्गल, गदा, दगडी नाल या वस्तू जुन्या तालमींमधून अजूनही कोपऱ्यात दिसतात. कित्येक गावांत मारुतीच्या देवळापुढे गुळगुळीत गोल दगड पडलेला असतो. यात्रेच्या दिवशी गावातली पोरं तो उचलून खांद्यावरून मागे टाकायची आणि त्या पोराचं नाव पुढची दहा वर्षं निघायचं. त्याच देवळावरून पाण्याच्या दोन-दोन घागरी डोक्यावर नि एक कमरेवर घेऊन बायका रोज जात होत्या. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. पुरुषानं वर्षातून एकदा उचललेला दगड हा पराक्रम ठरला आणि बाईनं रोज उचललेली घागर हे काम ठरलं.

विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेत बाहेरून एक नवं वारं आलं. युजेन सँडो हा जर्मन पहिलवान १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. शरीर कमावणं म्हणजे काय, याची एक नवी कल्पना त्यानं जगभर पसरवली. आजही आपण बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकला ‘सँडो बनियन’ म्हणतो, इतका तो माणूस आपल्या घरात, अगदी वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीपर्यंत येऊन बसला. पण याच सँडोच्या नावावरून एका बाईनं आपलं नाव घेतलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. केटी सँडविना तिचं नाव. १८८४ मध्ये व्हिएन्नात, सर्कशीतल्या कुटुंबात ती जन्मली. आपल्या नवऱ्याला एका हातानं डोक्यावर उचलून धरणं हा तिचा नेहमीचा खेळ. पुढे ती अमेरिकेतल्या बार्नम अँड बेली सर्कशीत गेली. १९१२ मध्ये तिथल्या बायकांनी मताधिकारासाठी संघटना उभी केली, तेव्हा केटी त्यात पुढे होती. दंडात ताकद असलेल्या बाईला मतदानाच्या पेटीपर्यंत जाण्याचा हक्कही हवासा वाटला, यात नवल काही नाही.

आपल्याकडे बंगालच्या रेबा रक्षित यांनी १९५० च्या दशकात छातीवरून हत्ती चालवण्याचे खेळ केले. लोकांनी तिकिटं काढून ते पाहिले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सर्कशीच्या तंबूत बाईची ताकद समाजाला चालत होती, कारण तिथे ती नवलाची गोष्ट होती. दोन डोक्यांचं वासरू पाहावं तसं लोक तिला पाहत. तीच बाई तंबू सोडून आखाड्यात आली, पुरुषाच्या बरोबरीनं उभी राहिली, की मात्र दगड पडत.

दगड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. हमीदा बानू ही मिर्झापूरची मुलगी अलीगढमध्ये सलाम पहिलवानांकडे कुस्ती शिकली. १९५४ मध्ये तिनं जाहीर करून टाकलं, ‘जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी निकाह लावीन.’ त्या वर्षी बडोद्याला बाबा पहिलवानाला तिनं एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं. याच हमीदानं कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी तिच्यावर दगड फेकले. कुस्तीची पंढरी म्हणून आपण ज्या गावाचं नाव अभिमानानं घेतो, त्या गावातली ही गोष्ट. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे ती रद्द झाली. हमीदानं मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. तिच्या कुस्त्यांना मनाई झाली ती ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर आयोजक खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असं उत्तर आलं. हमीदाचे पुढचे दिवस कल्याणमध्ये दूध विकण्यात गेले. १९८६ मध्ये ती वारली. तिच्या नावाची आठवण बऱ्याच जणांना झाली ती मे २०२४ मध्ये, एका इंटरनेट कंपनीनं आपल्या पानावर तिचं चित्र लावलं तेव्हा.

हमीदा कुस्तीगीर होती, वेटलिफ्टर नव्हे. पण बाईच्या ताकदीला विरोध कसा होतो हे तिच्या गोष्टीतून दिसतं, म्हणून ती सांगितली.

या विरोधाला दोन तोंडं होती. एक समाजाचं, दुसरं डॉक्टरांचं. १८७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले एक डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून सांगितलं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर शरीराची शक्ती मेंदूकडे जाईल आणि त्यांच्या गर्भाशयाचं नुकसान होईल. आपल्याकडे त्याआधी पंचवीस वर्षं सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ‘बाई शिकली की नवरा मरतो’ असं लोक म्हणतच होते. तिकडे शास्त्राच्या नावानं, इकडे धर्माच्या नावानं, पण मतलब एकच.

१९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या आणि नऊहीजणींनी शर्यत पूर्ण केली. पण अनेक वर्तमानपत्रांनी छापलं की पोरी धडाधड कोसळल्या, बेशुद्ध पडल्या. परिणाम काय झाला? बायकांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली, ती थेट १९६० मध्ये रोमला परत आली. एका खोट्या बातमीनं बायकांचं बत्तीस वर्षांचं धावणं खाल्लं. धावण्याची ही गत, तर वजन उचलण्याचं विचारूच नका! गर्भाशय खाली सरकेल, मूल होणार नाही, आवाज घोगरा होईल, दंड पुरुषासारखे होतील. ही वाक्यं तुम्हीही ऐकली असतील, कदाचित गेल्याच आठवड्यात.

या भीतीला पहिला धक्का दिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळानं. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांच्यापुढे गुडघे आणि पाय जायबंदी झालेले सैनिक होते. त्या वेळचा रिवाज होता विश्रांतीचा. डिलॉर्म यांनी उलट केलं. त्यांनी या सैनिकांना वजनं उचलायला लावली, आधी थोडी, मग हळूहळू वाढवत. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सैनिक लवकर उभे राहू लागले. वजन हे केवळ पहिलवानाचं खेळणं नसून औषधही होऊ शकतं, हे तिथून वैद्यकशास्त्रानं मान्य करायला सुरुवात केली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर अ‍ॅबी स्टॉक्टन नावाची तरुणी भर उन्हात शेकडो लोकांसमोर वजनं उचलत होती. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून घरचे तिला ‘पजी’ म्हणत आणि तेच नाव पुढे गाजलं. १९४४ पासून तिनं एका व्यायामविषयक मासिकात बायकांसाठी सदर लिहिलं. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अधिकृत क्रीडा संघटनेच्या मान्यतेनं बायकांची पहिली वेटलिफ्टिंग स्पर्धा तिनं भरवली. त्यात तिनं स्वतः १३५ पौंड, म्हणजे ६१ किलो, डोक्यावर नेले. ती पुरुषासारखी दिसू लागली नाही. याचं कारण साधं आहे. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बाईच्या रक्तात पुरुषापेक्षा कितीतरी पटींनी कमी असतं. त्यामुळे ताकद वाढते, पण दंडाचा आकार पुरुषाएवढा होत नाही. ज्यांना ‘माझे हात जाड होतील’ ही भीती वाटते, त्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

१९४७ नंतरही चाळीस वर्षं गेली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या कॅरिन मार्शलनं क्लीन अँड जर्कमध्ये ३०३ पौंड, म्हणजे सुमारे १३७ किलो उचलले. तीनशे पौंडांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली स्त्री. आणि १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे बायकांची पहिली जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली.

यानंतर भारतानं उशीर केला नाही, ही आनंदाची गोष्ट. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत मणिपूरच्या कुंजराणीदेवीनं तीन रौप्यपदकं आणली. मल्लेश्वरी १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षं जागतिक विजेती झाली. १९९७ मध्ये तिचं लग्न झालं आणि लग्नानंतर पदकं संपतात हा समज मोडून तिनं १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. सिडनीचं पदक त्यानंतरचं.

सिडनीच्या त्या पहिल्याच वर्षी आणखी काय घडलं पाहा. मारिया इसाबेल उरुतिया या कृष्णवर्णीय स्त्रीनं कोलंबिया देशाला त्याच्या इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. सोराया हिमेनेस ही सुवर्णपदक मिळवणारी मेक्सिकोची पहिली स्त्री ठरली. पुढे २०२१ मध्ये, टोकियोला, हिडिलिन डियाझनं फिलिपीन्सला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण दिलं. टाळेबंदीत ती मलेशियात अडकली होती, तेव्हा बांबूला पाण्याची भांडी टांगून तिनं सराव केला होता. त्याच टोकियोत आपल्या मीराबाई चानूनं ४९ किलो गटात ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्य मिळवलं.

गरीब देशांतल्या, आडगावच्या मुलींनी हाच खेळ का निवडला? एक तर वजनगट असल्यामुळे ठेंगण्या, लहान चणीच्या मुलीलाही जागा आहे. दुसरं, त्याला मैदान, तलाव, कोर्ट लागत नाही. एक शेड, एक कांब, काही चकत्या आणि शिकवणारा माणूस असला की सुरुवात होते. आणि तिसरं म्हणजे या मुलींना ओझ्याची ओळख घरातूनच असते. थोरल्या भावाला न पेललेली लाकडाची मोळी मीराबाई लहानपणी घरी घेऊन यायची, असं तिच्या घरचे सांगतात. गावाहून इंफाळला सरावाला जायला पैसे नसत, तेव्हा वाळूच्या ट्रकवाल्यांनी तिला फुकट नेलं. पदक मिळाल्यावर तिनं अशा दीडशेच्या आसपास चालक-मदतनीसांना घरी बोलावून जेवू घातलं, कपडे दिले. रिओत २०१६ मध्ये क्लीन अँड जर्कच्या तीनही संधी हुकून रडत परतलेली ही मुलगी २०१७ मध्ये जागतिक विजेती झाली होती, हेही सांगायला हवं.

महाराष्ट्राची मुलंमुली मागे नाहीत. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडनं मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात १५३ किलो उचलून सुवर्ण मिळवलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. मुलगाही नव्हे, मुलगीही नव्हे, पहिली भारतीय! त्याच वर्षी सांगलीच्या काजोल सरगरनं पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. या खेळाला डागही आहे. सिडनीत पहिलं सुवर्ण मिळालेल्या बल्गेरियाच्या मुलीचं पदक उत्तेजक द्रव्यामुळे काढून घेतलं गेलं, आणि २००४ मध्ये अथेन्सला आपल्याही दोन मुली चाचणीत सापडल्या. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण दोष गोळ्या-सुयांचा आणि त्या पुरवणाऱ्यांचा आहे, लोखंडाचा नाही.

एक अडथळा माझ्या समाजातल्या मुलींपुढे विशेष होता, तो कपड्यांचा. वेटलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे वजन डोक्यावर गेल्यावर कोपर आणि गुडघा पुरता सरळ झाला की नाही, हे पंचांना दिसावं लागतं. त्यामुळे अंग झाकणारे कपडे चालत नसत. कुलसुम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या, अमेरिकेत संगणक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवलेल्या मुलीनं हा प्रश्न शांतपणे, अर्ज-विनंत्या करून पुढे नेला. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण पोशाख आत घातला तर कोपराची हालचाल दिसते, हे आंतरराष्ट्रीय संघटनेला पटलं. जून २०११ मध्ये नियम बदलला. २०१६ मध्ये रिओला इजिप्तची अठरा वर्षांची सारा अहमद डोक्याला कपडा बांधून आली आणि ६९ किलो गटात, मल्लेश्वरीच्याच गटात, कांस्यपदक घेऊन गेली. २०२४ मध्ये पॅरिसला तिनं रौप्य मिळवलं. ज्यांना डोकं झाकायचं आहे त्यांनी झाकावं, ज्यांना नको त्यांनी झाकू नये. वजनाला त्याचं काही पडलेलं नसतं.

पण श्रोतेहो, पदकं मोजायला मी इथे बसलेली नाही. ऑलिंपिकला जाणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. प्रश्न बाकीच्या कोट्यवधींचा आहे. माझी अम्मी सत्तरीत न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ज्या बाईनं चाळीस वर्षं विहिरीचं पाणी वाहिलं, जात्यावर दळलं, पाट्यावर वाटलं, तिचं हाड एवढ्याशा पडण्यानं मोडलंच कसं, हे आम्हा भावंडांना कळेना. पुढे वाचत गेले तेव्हा उलगडलं.

युलिअस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकानं १८९२ मध्ये सांगून ठेवलं आहे की हाडावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला घडवतं. भार पडला की घट्ट होतं, भार गेला की विरळ होतं. हाड म्हणजे काही एकदा बांधलेली भिंत नव्हे, ते रोज मोडतं नि रोज बांधलं जातं. बाईची पाळी गेली की तिच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि मोडण्याचा वेग बांधण्यापेक्षा वाढतो. नेमक्या याच वयात आमच्या घरी नळ आला, मिक्सर आला, पिठाची गिरणी आली. सुना आल्या. ‘अम्मी, तुम्ही आता बसा,’ असं सगळे प्रेमानं म्हणू लागले. जड काही उचलू नका, असा सल्लाही मिळाला. जन्मभराचं ओझं एकदम उतरलं आणि हाडाला घट्ट राहण्याचं कारणच उरलं नाही. शिवाय सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्याची सवय होतीच.

अमेरिकेत टफ्ट्‌स विद्यापीठात मिरियम नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ७० वयाच्या, पाळी गेलेल्या ४० स्त्रियांवर प्रयोग केला. १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहीजणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा जड वजनांचा व्यायाम केला, बाकीच्यांनी केला नाही. व्यायाम न करणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता अडीच टक्क्यांनी घटली. करणाऱ्यांची घटली तर नाहीच, उलट सुमारे एक टक्क्यानं वाढली. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात पाळी गेलेल्या, हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर असाच अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने भारी वजनं उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाला घरी हलका व्यायाम दिला होता, त्यांची १.२ टक्क्यांनी घटली. टक्के लहान वाटतात. पण चढणीच्या रस्त्यावर गाडी मागे घसरते आहे की पुढे जाते आहे, हा फरक लहान नसतो.

हाडांबरोबर स्नायूही झिजतात. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहाजणांना आठ आठवडे पायांच्या वजनांचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आणि २०१५ मध्ये, भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताची पकड ज्यांची कमजोर, त्यांच्या मृत्यूचा धोका अधिक, असं त्यात दिसलं. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही पकडीनं हे नेमकं सांगितलं. रक्तातली साखर वापरणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. म्हणून मधुमेहाच्या घरात तर याचं महत्त्व आणखी. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून प्रौढांना सांगते आहे की चालण्या-फिरण्याबरोबर आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करा. आपण चालायला लागलो, बागा सकाळी भरलेल्या दिसतात. पण त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग आपण ऐकलाच नाही.

आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे येते. आम्ही जन्मभर ओझीच उचलतो, मग आणखी वजन कशाला?

ओझं आणि वजन यांत मोठा फरक आहे. व्यायामाचं वजन माझ्या ताकदीप्रमाणे ठरतं, हळूहळू वाढतं, पाठ सरळ ठेवून उचललं जातं. त्यानंतर विश्रांती असते आणि पोटात अन्न असतं, कारण स्नायू विश्रांतीत नि अन्नावर वाढतो. डोईवरचं ओझं यातलं काहीच जाणत नाही. आजारी असो, बाळंतीण असो, घागर तेवढीच मोठी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३४ व्या कलमानं कारखान्यातल्या कामगारानं किती ओझं उचलावं यावर मर्यादा घालण्याची तरतूद केली. विहिरीवरच्या, रानातल्या, वीटभट्टीवरच्या बाईपर्यंत ते कलम कधी पोचलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अशा बाईला जाऊन ‘वजनं उचला’ म्हणून सांगणं ही थट्टा होईल. तिच्या दारात नळ, ताटात डाळ-अंडी आणि दिवसात तासभर विसावा आधी हवा. तिचं ओझं कमी करणं आणि घरात बसलेल्या बाईच्या हाती वजन देणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

ज्यांना शक्य आहे त्यांनी काय करावं? आधी डॉक्टरांना विचारावं, विशेषतः रक्तदाब, गुडघे, पाठीचा त्रास असेल किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील तर. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. दहा वेळा जमलं की हातात पाण्याच्या दोन बाटल्या घ्यायच्या. जमेल तसं वजन वाढवायचं. पुढची पायरी मात्र जाणकार शिक्षकाकडूनच शिकावी, कारण वाकडं उचललेलं पाच किलोही पाठीला जड होतं. आणि गावोगावच्या तालमींना, व्यायामशाळांना माझी एक विनंती आहे. आठवड्यातले तीन दिवस दुपारचा एक तास बायकांसाठी ठेवा. त्या वेळी जागा तशीही रिकामीच असते. बायकांच्या स्पर्धेची कांब १५ किलोंची असते, पुरुषांची २० ची. जाडीलाही ती कमी, म्हणजे मुठीत नीट बसते. तशी एक कांब आणि एक शिकवणारी बाई, एवढीच गुंतवणूक आहे.

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचे पुरुषांचे पाच गट होते, बायकांचेही पाच. तिथली बरोबरी त्याआधीच, २०२१ मध्ये टोकियोला झाली होती. आपल्या गल्लीतल्या व्यायामशाळेतली बाकी आहे. तुमच्या घरात पन्नाशीची बाई असेल, तर येत्या रविवारी तिला बसा म्हणू नका. बाजारातून आणलेल्या दोन पिशव्यांतली एक, तिला झेपेल तेवढी, तिच्या हाती द्या आणि दुसरी तुम्ही घ्या.